आईची चण की बाळाचं ताट?

जन्मावेळचं माप बरंचसं आईच्या चणीवर ठरतं. 1938 मध्ये वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी धिप्पाड शायर आणि ठेंगण्या शेटलंड घोड्यांचा संकर केला, तेव्हा शेटलंड घोडीची शिंगरं शायर घोडीच्या शिंगरांहून खूपच लहान निघाली. माणसातही 145 सेंटिमीटरहून बुटक्या आईचं बाळ कमी वजनाचं असण्याची शक्यता जास्त.

जन्मानंतर पारडं आहाराकडे झुकतं. पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं. सहा महिन्यांनंतर नुसत्या वरणाच्या पाण्यानं पोट भरतं, ऊर्जा मिळत नाही. घट्टसर मऊभात, डाळ, तूप, अंडं हवं. सारखे जुलाब झाले तर तेही अंगी लागत नाही. 'आईच बुटकी' म्हणून दुर्लक्ष करणं चूकच. तिची उंचीही बहुधा बालपणीच्या उपासमारीनं खुंटलेली असते.

आणि हो, दोन वर्षांपर्यंत लांबी आडवं झोपवूनच मोजा. उभं केल्यास सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरते.