माझीच उद्दिष्टं मला ७६,६९९ रुपयांना विकली

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवण्यात माझे चार महिने गेले. पुस्तक काढून देतो म्हणणाऱ्या एका प्रकाशन कंपनीनं माझे एवढे रुपये नेले: शहात्तर हजार सहाशे नव्व्याण्णव. बायकोला मी पंचवीस हजार सांगितले होते, मेहुण्याला चाळीस. हे वाचून दोघांनाही खरं कळेल. कळू दे.

माझं मेडिकलचं दुकान आहे, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की कथा लिहितो. २०२२ साली पहिला संग्रह मी स्वतःच काढला होता. कोल्हापूरच्या छापखान्यातून ३०० प्रती, कागद-बांधणीसकट ३८,४०० रुपये. औषधांच्या रिकाम्या खोक्यांत भरून ठेवल्या आणि दोन वर्षांत २१२ विकल्या. २०० ची प्रत सवलतीत १५० ला. ३१,८०० आले, ६,६०० अंगावर. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला त्याला वाटतं की हा नवखा होता म्हणून गंडला. मी नवखा नव्हतो. मला पुस्तकाची डेमी साइज कळते, कागदाचं वजन, म्हणजे जीएसएम कळतो, विक्रेता किती कमिशन कापतो तेही कळतं. तरी गंडलो.

दर दिवाळी पाडव्याला दुकानाच्या वह्यांची पूजा झाली, की एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, दिलेल्या डायरीच्या शेवटच्या पानावर मी लेखनाचा हिशोब मांडतो. वर्षात किती कथा झाल्या, किती प्रती खपल्या, पुढच्या पाडव्यापर्यंत काय करायचं. २०२३ च्या पाडव्याला लिहिलं होतं: दुसरा संग्रह, ३०० प्रती, निदान दहा ग्रंथालयांत पुस्तक जावं, एकदा साहित्य संमेलनात आपलं पुस्तक टेबलावर दिसावं, जमल्यास एखादा पुरस्कार. 'जमल्यास' या शब्दाखाली रेघही मारली होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइलवर त्या प्रकाशन कंपनीची जाहिरात दिसली. मराठी लेखकांना संधी, वगैरे. फॉर्मचं नाव होतं 'लेखक उद्दिष्ट पत्रक'. येत्या वर्षात तुम्हाला लेखक म्हणून काय साध्य करायचंय ते मोकळेपणानं लिहा. मी डायरी उघडली आणि ते पान जसंच्या तसं उतरवून दिलं.

पुढचे आठ महिने त्यांनी मला तेच पान एकेक ओळ करून विकलं.

पहिला फोन एका बाईंचा. गोड आवाज, शुद्ध भाषा, दर वाक्याला 'सर'. "अभिनंदन सर, संपादक मंडळानं तुमची संहिता निवडली." मी नमुना म्हणून तीनच कथा पाठवल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेवटची कथा वाचताना डोळ्यांत पाणी आलं सर." शेवटची कथा एका सरपंचाची होती, ज्याला भाषणाच्या दिवशी चुकून जुलाबाची गोळी दिली जाते. आता यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल? पण मी काय विचार केला, तर हसता हसताही पाणी येतंच की. स्वतःच्या लिखाणाचं कौतुक कानावर पडलं की माणूस कशालाही कारण शोधतो.

मूळ पॅकेज २४,९९९ चं, त्यात ३०० प्रती धरलेल्या. मग आयएसबीएन (प्रत्येक पुस्तकाचा वेगळा तेरा आकडी ओळख क्रमांक, बारकोडखाली असतो तो) आणि कॉपीराइटचे मिळून ४,५००. लिहून घ्या: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीत केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि तीही सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. पुढे 'राष्ट्रीय ग्रंथालयात समावेश', ३,५००. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकाला पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना स्वतःच्या खर्चानं प्रत पाठवावीच लागते. त्यांचं कायदेशीर कर्तव्य मी त्यांच्याकडून विकत घेतलं!

घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला. चौथ्या दिवशी बाईंचा फोन. "सर, आता सरकार मराठी पुस्तकं गठ्ठ्यानं घेणार. शासनमान्य यादीत नाव लागलं की अ वर्ग, ब वर्ग, सगळी ग्रंथालयं आपली. दसऱ्याच्या मुहूर्तावर फाइल टाकू." १८,५००. त्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालय नव्या पुस्तकाची प्रत विनामूल्य मागवतं, फाइल-बिईल काही नसते, हे मला आमच्याच गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालानं सांगितलं. नंतर. दुकानापासून शंभर पावलांवर वाचनालय आहे. मी त्याला आधी विचारलं नाही, कारण मला त्याला चकित करायचं होतं.

आता ती रात्र. हे लिहायलाच खरं तर बसलोय.

सुरुवातीलाच त्यांनी आपल्या कामाचा नमुना म्हणून विदर्भातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा कवितासंग्रह पाठवला होता. छपाई बरी होती. दुकानात बिलाचा स्कॅनर आहे, गंमत म्हणून मी त्या पुस्तकाचा बारकोड मारून पाहिला आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची एन्ट्रीही करून ठेवली. नोव्हेंबरात माझ्या पुस्तकाच्या कव्हराचं प्रूफ आलं. रात्री साडेनऊ, शटर अर्धं ओढलेलं. प्रिंट काढली, काउंटरवर ठेवली, आणि पोराला पहिल्यांदा दुकानात आणल्यासारखा मी त्या कव्हरावर स्कॅनर धरला. 'टिक' झालं. स्क्रीनवर नाव आलं त्या शिक्षिकेच्या कवितासंग्रहाचं.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तेराच्या तेरा आकडे मिळवून पाहिले. एकच नंबर.

मी औषधवाला आहे. बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहिल्याशिवाय पट्टी रॅकमध्ये लावत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या खोक्यांवर एकच बॅच दिसली असती तर स्टॉकिस्टला त्याच मिनिटाला फोन गेला असता आणि माल परत. इथेही फोन केला, पण कंपनीच्या त्या गोड आवाजाच्या बाईंना. "सर, प्रूफला डमी बारकोड असतो, फायनलला ओरिजिनल येतो." असं म्हणाल्या, आणि मी 'बरं बरं' म्हणून शटर ओढलं. कवितासंग्रहाच्या दुसऱ्या पानावर त्या शिक्षिकेचा मोबाइल नंबर छापलेला होता. तो मला दिसत होता. एक फोन करायचा होता.

तोवर ५१,४९९ गेले होते. तिथे थांबलो असतो तर पुढचे २५,२०० वाचले असते. हा हिशोब मी रोज रात्री करतो.

जानेवारीत पुस्तकं आली. तीनशे नाही, पंचवीस. "बाकीच्या मागणीनुसार छापतो सर, आता जगभर असंच चालतं." असतही असेल, पण मग पैसे तीनशेचे का घेतले, हे माझ्या तोंडून निघालं नाही. आणि कबूल करतो, आलेल्या पुस्तकाचा बारकोड मी स्कॅन केला नाही. विसरलो नाही. केला नाही.

त्याच महिन्यात दिल्लीच्या ९८ व्या संमेलनात स्टॉलमधला वाटा म्हणून १२,०००. माझा भाचा दिल्लीत नोकरीला आहे. तो तालकटोरा स्टेडियमवर २२ फेब्रुवारीला दोन तास फिरला. "मामा, या नावाचा स्टॉलच नाही इथे." त्यांच्याकडून मात्र मला एका टेबलाचा फोटो आला, त्यात माझं पुस्तक सगळ्यांत पुढे. भाच्याला तो दाखवला तर म्हणाला, मामा, या टेबलाखाली घरातली फरशी आहे. मी त्यालाच झापलं.

मार्चमध्ये पुरस्काराचं नामांकन, ६,०००. कुरिअरनं ॲक्रिलिकची ट्रॉफी आली, तिच्यावर माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर चुकलेलं. ती मी दुकानात धन्वंतरीच्या फोटोशेजारी ठेवली होती. लोकांनी अभिनंदनही केलं. आता विचारतात, ती कुठे गेली?

शेवटचा घाव एप्रिलमध्ये. माझ्या पुस्तकाची रॉयल्टी म्हणे ७२,००० रुपये जमली आहे, पण टीडीएस, म्हणजे उगमापाशी कापायचा कर, दहा टक्के आधी भरला की रक्कम सुटेल. ७,२००. अरे, टीडीएस मूळ रकमेतून कापतात, आधी मागत नाहीत! मी दरवर्षी रिटर्न भरतो, हे मला झोपेतही सांगता येतं. पण मार्चअखेरचा स्टॉक, धाकट्याची ॲडमिशन, आणि ७२,००० हा आकडा. आपलं पुस्तक इतकं खपलं हे खरं असावं असं वाटत होतं. पैसे गेले तेही कंपनीच्या खात्यात नाही, कुणा माणसाच्या बचत खात्यात, यूपीआयनं. त्यानंतर फोन बंद. प्रकाशनाचे पैसे कुणाच्या वैयक्तिक नावावर मागितले की तिथेच थांबा, एवढं तरी करा.

आता व्यवस्थेबद्दल. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन लावला. तिकडचा मुलगा सभ्य होता. व्यवहाराला किती तास झाले? म्हटलं, पहिल्याला नऊ महिने. पलीकडे शांतता. शेवटच्या ७,२०० ची तक्रार नोंदवून घेतली. त्या खात्यात शिल्लक शून्य.

पोलीस ठाण्यात गेलो. पुस्तक काउंटरवर ठेवलं. हवालदारांनी उलटंपालटं करून पाहिलं. "पुस्तक मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं, साहेब, फसवणुकीच्या कलम ४२० चं आता ३१८ झालंय ते माहीत आहे मला, पावत्या आहेत, खोटा नंबर आहे. "तुम्ही वकील आहात का?" नाही, केमिस्ट. "मग गोळ्या विका." बाजूचा एक जण विचारतो, पोलिसांवर काही लिहिलंय का यात? सगळे हसले. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून दिला. एफआयआर नाही, नुसता शिक्का. दुसऱ्यांदा गेलो तर ज्यांनी शिक्का मारला त्यांची बदली झालेली, आणि अर्ज 'सायबरकडे पाठवलाय'. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकान बंद ठेवून गेलो. सायबरवाले म्हणाले, यात हॅकिंग नाही, ओटीपी नाही, पैसे तुम्ही राजीखुशीनं भरलेत, हे ठाण्याचं काम. ठाणं म्हणतं, कंपनीचा पत्ता परराज्यातला, तिकडे जा. हद्द कुठलीही असली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवावा असं नव्या कायद्यातच लिहिलंय. मी ते कलम छापून नेलं. त्यांनी तो कागद अर्जाला टाचणी लावून जोडला. झालं. बँकेचे साहेब म्हणाले, तुमचा पिन तुम्हीच टाकलाय ना? ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार क्रमांक मिळाला आणि सतराव्या दिवशी 'कंपनीकडून प्रतिसाद नाही' म्हणून तक्रार बंद. प्रतिसाद देत नाहीत हीच तर माझी तक्रार होती!

जिथे दार उघडं सापडलं ते जिल्हा ग्राहक आयोगाचं. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. करारात 'वाद फक्त आमच्या शहरात' असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, ती माझ्यासारखी लाजण्यात घालवू नका. ऑनलाइन दावा भरला. चौथ्या प्रयत्नात चढला. पहिली तारीख पडली, पुढची पडली, समोरून कोणी आलं नाही.

आणि करार. त्यातल्या बारीक अक्षरांत ई-बुकचे हक्क मी त्यांना दिलेत. मुदत लिहिलेली नाही. वर्गमित्र वकील आहे, तो म्हणाला, मुदत नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरतात. नोटिशीनं सोडवता येईल, पण तोवर माझ्या कथा मीच किंडलवर टाकायला बिचकतोय, जिथे त्या फुकट चढवता आल्या असत्या. सही करण्याआधी तो करार वकिलाला नाही, तर निदान ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही अशा माणसाला वाचायला द्या.

मागच्या महिन्यात शेवटी त्या कवितावाल्या शिक्षिकाबाईंना फोन केला. जो नोव्हेंबरात करायचा होता तो. वय सत्तरच्या पुढे, आवाज अजून वर्गातला. बारकोडचं सांगितलं. त्या उठून पुस्तक घेऊन आल्या, मी आकडे वाचत गेलो, त्या 'हो, हो' म्हणत गेल्या. शेवटच्या आकड्याला गप्प झाल्या. त्यांचे ५२,००० गेलेत. ट्रॉफी त्यांच्याकडेही आहे, तीच, त्याच वर्षाची, आणि त्यांचं आडनाव बरोबर आहे म्हणे.

"भाऊ, तुमची रॉयल्टी किती सांगितली होती?"

"७२,०००."

"माझीही ७२,०००च." मग जरा थांबून, "कालच फोन होता. नवीन नंबर आहे त्यांचा. ७,२०० भरायची परवा शेवटची मुदत आहे."

मी हात जोडून सांगितलं, फोनवरच, की ताई, भरू नका. तो नवा नंबर घेऊन तासाभरात ठाण्यात गेलो. म्हणाले, त्या बाईंना त्यांच्या ठाण्यात तक्रार द्यायला सांगा.

मुदतीच्या रात्री ताईंचा मेसेज आला. "भरले नाहीत. पण भाऊ, मनात राहून राहून येतं, खरंच तेवढी खपली असतील तर?"