सेकंडहँड पोनी टाकी घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

28,500 रुपये, एका जुन्या पोनीचे, म्हणजे डायव्हिंगला मुख्य टाकीसोबत न्यायच्या हवेच्या छोट्या जादा टाकीचे. त्यातले 8,500 यूपीआयने आगाऊ, 20,000 रोख, भायखळा स्टेशनबाहेर माझ्या हाताने मोजून दिलेले. टाकी बांधायच्या पट्ट्यांचे वर 2,400. सांगताना आजही कान तापतात, पण तो माणूस अजून विकतोय म्हणून लिहितो.

मी नवखा नाही, सहा वर्षं डायव्हिंग करतोय. जोडीदाराचा ऑक्टोपस (त्याच्या टाकीला जोडलेली, दुसऱ्याला श्वास घ्यायची जादा नळी) असताना वेगळी टाकी कशाला, असं घरच्यांपासून सगळ्यांनी ऐकवलं. अहो, ऑक्टोपस त्याच्या अंगावर असतो! मालवणला पाणी गढूळ असलं की दोन हातांवरचा जोडीदार दिसत नाही. डिसेंबरात मी त्याला अख्खं मिनिटभर शोधत होतो, तेव्हाच ठरवलं की आपली पोनी हवीच. पंपाने भरायची ती अर्ध्या लिटरची 'दहा मिनिटं चालते'वाली टाकी मात्र चुकूनही घेऊ नका. 200 बार दाबाला भरली तरी हवा 100 लिटर. 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, शांत माणूसही मिनिटाला 60 लिटर ओढतो, घाबरलेला दुप्पट. पावणेदोन मिनिटंही मिळत नाहीत आणि मिनिटाला 9 मीटरने वर यायलाच दोनच्या वर लागतात. म्हणून मी 19 घनफुटी ॲल्युमिनियमची शोधत होतो, तिच्यात जवळपास 540 लिटर हवा मावते. निवड चुकली नव्हती. माणूस चुकला.

मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर डायव्हर होतो म्हणाला. बोलणं चोख, रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) सर्व्हिस किटबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती. नव्या सेटला मला 64,000 सांगितले होते. तुम्हीही विश्वास ठेवला असता.

आणि तरी, मला कळायला हवं होतं. टाकी पिवळीधमक होती. मी खांद्यावरून अंगठा फिरवला. तिथे टाकीच्या चाचणीचे आकडे ठोकलेले असतात, बोटाला खरखर लागते. लागली नाही. गुळगुळीत! मी विचारलंसुद्धा, "शिक्के कुठे आहेत?" तो म्हणाला, "पावडर कोटिंग केलंय दादा, खाली दबलेत." पावडर कोटिंग भट्टीत भाजतात आणि ॲल्युमिनियमची टाकी भाजायची नसते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी नोटा मोजल्या. लोकल गाठायची होती, मागे आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं (तेही त्याचंच असणार). झोप उडते ती त्या अंगठ्याच्या आठवणीने, पैशांचं दुःख त्यानंतरचं.

दादरहून तुतारीने रिकामी टाकी घेऊन कुडाळला उतरलो. मालवणला कंप्रेसरवाल्या काकांनी ती हातात घेतली, नाण्याने खांदा खरवडला. रंगाखाली लांबी निघाली, भिंतीला भरतात तशी. लांबीखाली डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) ही अक्षरं आणि त्यांच्यावर ठोकलेल्या फुल्या. म्हणजे अमेरिकेत बाद ठरवलेली टाकी. शेवटची दाबाची चाचणी 03/09 ची, म्हणजे मार्च 2009 ची, जी दर 5 वर्षांनी व्हायला हवी. "ही मी भरणार नाय. फुटली तर तू पण जाशील नि मी पण." व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी मारली तर तळाला पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. टाकी घेण्याआधी व्हॉल्व्ह काढून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर निघा.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तासभर बसवून "हे दिवाणी आहे" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणे व्यवहार भायखळ्याचा, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, राहता तिथे द्या. मी म्हटलं, साहेब, गॅस सिलिंडरचे 2016 चे नियम आहेत, यात माणूस मरू शकतो. उत्तर आलं, "मेला नाही ना कुणी?" हे मी विसरणार नाही. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ज्या खात्याकडे सिलिंडरची तक्रार जाते म्हणून कळलं, तिथे तीन मेल पाठवले. एकाचीही पोच नाही. चार महिने झाले, माझ्याकडे फक्त एका अर्जावरचा शिक्का आहे. रोख देऊ नका हो! बिल नसेल तर टाकी हातातही घेऊ नका. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन करा, मी लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. नंबर दुसरा, टाकी आता निळी. फोटोतली फरशी मात्र तीच, काळ्या ठिपक्यांची, कोपऱ्यात तडा गेलेली.