आडात काय, पोहऱ्यात काय: इंडियाना की पर्ड्यू?

मागच्या महिन्यात इथल्या एका नव्या जोडप्यानं जेवायला बोलावलं होतं. आम्ही राहतो कोलंबसला. ओहायोतलं नव्हे, इंडियानातलं. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथलं, त्यामुळे वाण्याच्या दुकानात कोथरूडचं कुणीतरी भेटतंच. तो इंजिनांच्या कामावर, ती पर्ड्यू विद्यापीठाची एमएस. आमटीभात झाला, ताकाचे पेले आले आणि त्यानं विचारलं, "दादा, यंदा फुटबॉलची सीझन तिकिटं काढायचीत. ब्लूमिंग्टनची काढू की वेस्ट लाफायेटची?"

"त्यात विचारायचंय काय?" ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

ब्लूमिंग्टन म्हणजे इंडियाना विद्यापीठ, वेस्ट लाफायेट म्हणजे पर्ड्यू, आणि फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. दोघांच्या मनातली उत्तरं वेगळी आहेत हे कळायला ताक संपावं लागलं. तेव्हा दोघांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. मुलगा किंवा सून या राज्यात शिकायला आली की दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न प्रत्येक घरात येतो.

पहिल्यांदा जुनं खातं. २०२३ साली दोन्हीकडे मातीच्याच चुली होत्या. इंडियाना ३ विजय, ९ पराभव. पर्ड्यू ४ आणि ८. इंडियानाचं तर नावच हरण्यासाठी होतं: देशातल्या वरच्या दर्जाच्या संघांत तोवरचे सर्वांत जास्त पराभव यांच्या खात्यावर. दोघंही ज्या बिग टेन गटात खेळतात त्याचा तोवरचा शेवटचा निर्भेळ किताब १९४५चा. १९६७चा होता, पण तोही पर्ड्यू आणि मिनेसोटासोबत वाटून घेतलेला. मी इथं आलो तेव्हा ब्लूमिंग्टनला सामन्याला जाणं म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात पाय पसरून बसायला जाणं. शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्याच. लोक बाहेर गाड्यांजवळ बर्गर भाजत बसायचे आणि मध्यंतरानंतर परत तिकडंच जायचे. तिथलं खरं दैवत बास्केटबॉल.

त्या साली २५ नोव्हेंबरला ओल्ड ओकन बकेटचा सामना झाला. दोन्ही विद्यापीठांत १९२५पासून ज्या चषकासाठी झुंज चालते तो चषक म्हणजे चक्क विहिरीचा जुना पोहरा आहे, ओकच्या लाकडाचा, दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरून आणलेला. त्याला साखळी. जो जिंकेल त्याच्या अक्षराची, आय किंवा पीची, कडी दरवर्षी साखळीत जोडायची. पहिलाच सामना ०-० सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोन्ही अक्षरं. तर २०२३चा सामना पर्ड्यूनं ३५-३१ असा जिंकला आणि पोहरा घरी नेला. दुसऱ्याच दिवशी इंडियानानं कोच टॉम ॲलन यांना घालवलं.

आता गंमत बघा. त्या दुपारनंतर आजपर्यंत पर्ड्यूनं बिग टेनमधला एकही सामना जिंकलेला नाही. दोन सीझन, अठरा सामने, अठरा पराभव. आणि त्या दुपारनंतर इंडियाना बिग टेनमध्ये फक्त एकदा हरलं, तेही ओहायो स्टेटच्या मैदानावर. त्या दिवशी पोहरा पर्ड्यूनं नेला आणि आड इंडियानानं खणायला घेतला.

खणणारा माणूस कर्ट सिग्नेटी. तेव्हा वय ६२. ॲलाबामा विद्यापीठात नामवंत कोच निक सेबनच्या हाताखाली काम करून, मग मुद्दाम कमी पगारावर खालच्या दर्जाच्या कॉलेजात मुख्य कोच झालेला, पायरी-पायरीनं जेम्स मॅडिसन विद्यापीठापर्यंत आलेला. आल्या आल्या पत्रकारांना म्हणाला, "मी जिंकतो. गूगल करून बघा." आम्ही हसलो होतो. असे बोलघेवडे कोच इंडियानानं पुष्कळ पाहिले होते.

पहिल्याच वर्षी ११ विजय, २ पराभव आणि राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये जागा. तिथं नोटर डॅमनं १७-२७ घरी पाठवलं. हे नशीब, असं बरेच जण म्हणाले, मीही म्हणालो. मग आला २०२५. इलिनॉयला ६३-१०. ओरेगनला त्यांच्याच घरी ३०-२०. पेन स्टेटला शेवटच्या मिनिटात ओमर कूपरनं मैदानाच्या मागच्या रेषेवर पायाची बोटं टेकवून झेललेल्या पासवर २७-२४. इंडियानापोलिसला बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१०. ओहायो स्टेटला हरवण्याची १९८८नंतरची ती पहिलीच वेळ. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, फर्नांडो मेन्डोझाला हाइझमन, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला. मग प्लेऑफ: रोझ बाउलमध्ये ॲलाबामाला ३८-३, पीच बाउलमध्ये पुन्हा ओरेगनला ५६-२२ आणि १९ जानेवारी २०२६ला राष्ट्रीय अंतिम सामन्यात मायामीला त्यांच्याच घरच्या मैदानावर २७-२१. सोळा सामने, सोळा विजय. या खेळात १६-० याआधी एकदाच झालं होतं, येल, १८९४ साली. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सव नुकता उभा केला होता त्या सुमाराला.

त्या रात्री चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, मेन्डोझा स्वतःच चेंडू घेऊन घुसला, दोघा-तिघांना धडकून आडवा हवेत झेपावला, तेव्हा आमच्या दिवाणखान्यातला एक बासष्ट वर्षांचा सोलापूरकर गुडघ्याचं दुखणं विसरून सोफ्यावर उभा होता.

एवढं वाचून निर्णय झाला असं वाटेल. थांबा, कारण तुम्ही गेल्या वर्षाचं तिकीट काढत नाही आहात.

कॉलेज फुटबॉल आता जुना राहिलेला नाही. पूर्वी मुलगा अठराव्या वर्षी यायचा, चार-पाच वर्षं थांबायचा, आपण त्याला मोठा होताना बघायचो. आता ट्रान्सफर पोर्टल आहे: जानेवारीत खिडकी उघडते, खेळाडू नाव टाकतो आणि दुसऱ्या विद्यापीठात जातो. २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सची मर्यादा. वर जाहिरातींचे पैसे वेगळे. मेन्डोझाच बघा, तो बर्कलीहून आलेला, एक वर्ष खेळला, सगळं जिंकला आणि एनएफएलकडे, व्यावसायिक लीगकडे, गेला. त्याच्या जागी टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाहून (टीसीयू) जॉश हूवर आलाय. सिग्नेटीनं सुरुवातीला जेम्स मॅडिसनहून तेरा खेळाडू सोबत आणले होते. त्यातले सॅरॅट, फिशर, पॉन्ड्स, कमारा ही या संघाची हाडं होती. ती पिढी आता संपली.

म्हणजे आता निवडायचा तो खेळाडू नाही, कोच. आणि इंडियानाचं सगळं वैभव एकाच माणसाच्या डोळ्यावर उभं आहे: कुठल्या दुर्लक्षित पोराला उचलायचं हे ओळखणारा डोळा. ऑक्टोबर २०२५मध्ये विद्यापीठानं त्याला २०३३पर्यंत बांधून घेतलं, जवळजवळ ९ कोटी ३० लाख डॉलर्सवर. आक्रमण आणि बचाव सांभाळणारे त्याचे दोन्ही उजवे हात, शॅनहन आणि हेन्स, त्याच्यासोबत ब्लूमिंग्टनला आलेले. पण यंदा तो पासष्टीला टेकलाय. मला विचाराल तर पुढची दोन-तीन वर्षं इंडियाना प्लेऑफच्या आसपास नक्की दिसेल. १६-० पुन्हा नाही. आणि त्यानंतरचं ज्योतिष मी सांगत नाही.

आता पर्ड्यू. इथं मी थोडा हळू बोलतो, कारण त्या घरात आमटी त्या मुलीनं केली होती.

पर्ड्यूला इतिहास नाही असं म्हणणाऱ्यानं फुटबॉल बघितलेला नाही. लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीझ, तिघंही इथले क्वार्टरबॅक आणि तिघांनीही पुढं व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बाउल, जिंकला. मोठ्या संघाच्या घशात हाडूक होऊन अडकणं ही यांची जुनी कला. २०१८ साली ओहायो स्टेटला ४९-२०. २०२१ साली दुसऱ्या क्रमांकाच्या आयोवाला त्यांच्या घरी आणि मग तिसऱ्या क्रमांकाच्या मिशिगन स्टेटला. २०२२ साली बिग टेनच्या पश्चिम गटाचं विजेतेपद. मग कोच जेफ ब्रोम लुईव्हिलला निघून गेला आणि घराचे वासेही फिरले. त्याच्या जागी आलेल्या रायन वॉल्टर्सच्या दोन वर्षांत ४-८ आणि १-११. मग बॅरी ओडम लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाहून (यूएनएलव्ही) आला, पोर्टलमधून जवळजवळ अख्खा संघ नवा भरला, तरी २-१०.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं सरळ म्हणता आलं असतं. पण २०२५चे आकडे जरा जवळून बघा. मिनेसोटाशी ७ गुणांनी हरले, रटगर्सशी ३ गुणांनी, मिशिगनशी ५ गुणांनी, तेही मिशिगनच्या मैदानावर. २०२४चा संघ नोटर डॅमकडून ६६-७ मार खाणारा होता. ओडमचा संघ निदान चौथ्या क्वार्टरपर्यंत मैदानात असतो. यूएनएलव्हीला त्यानं दोन वर्षांत १९ सामने जिंकून दिले होते. माणूस कच्चा नाही. यंदा बिग टेनमधल्या दोन-तीन विजयांची आशा धरायला हरकत नाही. बाउल, म्हणजे सीझनअखेरचा मानाचा सामना, खेळतील असं मात्र मी पैज लावून सांगणार नाही.

२०२५च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या रात्री, मी रॉस-एडला, पर्ड्यूच्या मैदानावर, होतो. पोहऱ्याचाच सामना. थंडी अशी की हातमोज्यात हात असूनही टाळी वाजत नव्हती. इंडियाना ५६, पर्ड्यू ३. तिसऱ्या क्वार्टरनंतर घरच्या बाजूच्या रांगा ओस पडल्या आणि उरलेल्या जागांवर पाहुणे लाल स्वेटरवाले पसरून बसले, जसे आम्ही एकेकाळी आमच्याच मैदानावर बसायचो. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा, काळी-सोनेरी टोपी, मांडीवर घोंगडी. पर्ड्यूला एक साधा फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्डांची मजल, मिळाला तशी रेल्वेची शिट्टी वाजली आणि आजोबांनी उजवा हात वर करून इंजिनाची दोरी ओढल्यासारखा दोनदा खाली ओढला. गुणफलकाकडे न बघता. मी लाल टोपी घातली होती. ती जरा मागं सरकवली.

मैदानाचं म्हणाल तर पर्ड्यूचा दिवस अजूनही सरस वाटतो. रॉस-एड १९२४चं, सामन्याआधी बँड येतो, सोबत तो प्रचंड ढोल गाड्यावरून ओढत आणतात, रस्त्यावर खऱ्या इंजिनासारखी गाडी भोंगा वाजवत फिरते. बॉयलरमेकर म्हणजे बॉयलर बनवणारे, कामगारांचं नाव. इंजिनांच्या गावात राहणाऱ्याला ते नाव आवडायला हवं, हे त्या मुलीचं म्हणणं आणि त्यात तथ्य आहे. ब्लूमिंग्टनचं मेमोरियल स्टेडियम चुनखडीचं, देखणं, पण विधी अजून नवे आहेत. लोकांना जिंकायची सवय नाही, त्यामुळे आरडाओरडा खरा असतो. आयत्या वेळी स्वस्तात तिकीट मिळण्याचे तिथले दिवस मात्र संपले.

अंतराचा हिशेब आमच्या गावापुरता: ब्लूमिंग्टन ४६ नंबरच्या रस्त्यानं चाळीसेक मैल, पण ऑक्टोबरात नॅशव्हिल गावात पानांचे रंग बघायला आलेल्या गाड्यांची जी रांग लागते ती धरून निघा. वेस्ट लाफायेट इंडियानापोलिस ओलांडून एकशे दहा मैल. लहान मूल असेल तर संध्याकाळच्या सामन्यानंतरचा तो परतीचा रस्ता नकोसा होतो. इंडियानापोलिसला राहणाऱ्यांना दोन्ही सारखंच.

तर माझं मत. दोन्हींपैकी कुठलीच पदवी घरात नसेल आणि पूर्ण सीझनचे पैसे एकदाच भरायचे असतील, तर यंदा ब्लूमिंग्टन, दुसरा विचार नको. सिग्नेटी तिथं आहे तोवर बघून घ्या. घरात पर्ड्यूची पदवी असेल तर संघ बदलू नका. फक्त सीझन तिकीट काढू नका, सुटे सामने बघा. सप्टेंबरात नोटर डॅम रॉस-एडला येतंय. तो दिवस चुकवू नये, निकाल काय लागणार हे माहीत असलं तरी. उरलेल्या सामन्यांची तिकिटं आयत्या वेळी मिळतील, यात पर्ड्यूचा अपमान नाही, सोय आहे. आणि हिवाळ्यात पर्ड्यूचं बास्केटबॉल बघा, तिथं पारडं उलटं आहे: २०२४ साली ते राष्ट्रीय अंतिम फेरीत होते, आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिरवणाऱ्या इंडियानाचं शेवटचं विजेतेपद १९८७चं.

निव्वळ "जिंकणारा संघ" म्हणून इंडियाना घेत असाल तर एक लक्षात ठेवा, पोहऱ्याच्या एकूण लढतींत पर्ड्यू अजूनही कितीतरी पुढं आहे. साखळी हातात घेऊन कड्या मोजल्या तर पी जास्त भरतात. गेल्या दोन कड्या मात्र आयच्या: दोन्ही वर्षांचे मिळून पर्ड्यूचे ३ गुण, इंडियानाचे १२२.

त्या जोडप्यानं शेवटी ब्लूमिंग्टनची दोन तिकिटं काढली, कोपऱ्यातली, उन्हाच्या बाजूची. नोटर डॅमच्या सामन्यासाठी वेस्ट लाफायेटला तिच्या मैत्रिणीकडे मुक्काम ठरलाय. नोव्हेंबरात पोहऱ्याचा सामना यंदा ब्लूमिंग्टनला आहे. ती म्हणाली, त्या दिवशी मी काळं-सोनेरी घालून याच्या शेजारी बसणार. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ताक मागितलं.