कर्बोदकं कमी की एकूण कॅलरीच कमी?

टाइप २ मधुमेहाचं निदान नुकतंच झालं की आहाराचे दोन रस्ते हमखास सुचवले जातात. पहिल्यात कर्बोदकं दिवसाला १३० ग्रॅमच्या आत ठेवायची. जेवणानंतरची साखर लवकर खाली येते, ग्लुकोमीटरवर फरक दिसतो, शिवाय उपाशी राहावं लागत नाही.

दुसरा रस्ता खडतर. तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरी, त्याही जेवणाऐवजी सूप-शेकमधून आणि वैद्यकीय देखरेखीखाली. (घरच्या घरी करायचा हा प्रयोग नव्हे!) ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत यामुळे वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती, १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी घटते, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. मात्र दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले.

वजन बरंच जास्त असेल तर मी दुसऱ्याला झुकतं माप देईन. नसेल, तर पहिलाच निभावणं सोपं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियाच्या (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर दोन्हींत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.