साखर कारखान्यात फायबर टाकताना: ऑफिसचा स्विच की डिन रेलवरचा?

गळीत हंगाम संपून ओव्हरहॉलिंग सुरू झालं की पर्चेसच्या टेबलावर हमखास दोन कोटेशनं येतात. एकात रॅकमध्ये बसणारा ऑफिसचा नेटवर्क स्विच आणि लांबच्या टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारी डबी. दुसऱ्यात डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारे इंडस्ट्रियल स्विच, फायबरच्या रिंगसकट, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा जातो. दुसऱ्याचा आकडा तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे आणि दोन्ही प्रकारची कामं स्वतःच्या हातांनी केली आहेत. जास्तीचे पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, तेवढंच सांगतो.

वाचवायची जागा आधी. शेतकी ऑफिस, अकाउंट्स, सर्व्हर रूम: एसी आहे, दार बंद असतं, यूपीएस आहे. तिथे ऑफिसचाच स्विच घ्या. तिथे इंडस्ट्रियल स्विच लावणं म्हणजे पैसा वाया घालवणं, आणि त्याच पैशात मिल हाऊसचं एक पॅनेल नीट होतं.

मिल हाऊस, बॉयलर आणि वजनकाटा इथे हिशोब बदलतो. ऑफिसचा स्विच साधारण ४० ते ५० अंशांपर्यंतच चालायची हमी असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी बाहेरच पारा चाळिशीला टेकतो आणि बंद पॅनेलच्या आत एसएमपीएसच्या (डीसी सप्लाय देणाऱ्या युनिटच्या) शेजारी त्याहून दहा-पंधरा अंश जास्त असतात. ऑफिसच्या स्विचमध्ये पंखा असला तर तो बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ आत ओढत राहतो. इंडस्ट्रियल स्विच बहुतेक उणे ४० ते ७५ अंशांपर्यंतचे मिळतात आणि त्यांना पंखाच नसतो. धातूचा खोकाच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून तो रेलवर उभाच बसवायचा, वर आणि खाली मॅन्युअलमध्ये दिलेली जागा मोकळी सोडायची, आणि चालू असताना उघड्या हाताने धरायचा नाही. चटका बसतो.

पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो सप्लायचा. एका कारखान्यात वजनकाट्याचं कनेक्शन दोन-तीन दिवसांनी तुटायचं. फायबर तपासला, मॉड्यूल (फायबरमध्ये प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) बदललं, काही उपयोग नाही. शेवटी केबिनमधला खोका उघडून समोर बसून राहिलो. मीडिया कन्व्हर्टरचा अ‍ॅडॉप्टर एक्स्टेंशन बोर्डात खोचलेला होता आणि भरलेला ट्रक काट्यावर चढला की टेबल, बोर्ड, अ‍ॅडॉप्टर सगळं हलायचं. पिना काळ्या पडल्या होत्या. बाहेर ट्रॅक्टरांची रांग गेटच्याही पलीकडे, ऊस उन्हात वाळतोय, आणि कारण काय, तर सैल पिन. इंडस्ट्रियल स्विचला २४ व्होल्ट डीसी लागतो, तोही स्क्रू टर्मिनलवर कसलेला, आणि बहुतेकांना दोन सप्लाय इनपुट असतात. ते दोन्ही इनपुट एकाच एसएमपीएसला जोडलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहेत. तसं केलं तर त्या इनपुटाचे पैसे फुकट गेले. एक यूपीएसवरून द्या, दुसरा वेगळ्या सोर्सवरून. फॉल्टचा रिले डीसीएसच्या (प्लांटच्या कंट्रोल सिस्टीमच्या) अलार्मला जोडा, म्हणजे एक सप्लाय गेल्याचं दुसरा जायच्या आत कळतं.

आता केबल: मल्टिमोड की सिंगलमोड? मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, सिंगलमोडचा साधारण ९. जुन्या कामांमध्ये नारिंगी मल्टिमोड सापडतो, कारण १०० एमबीपीएसला तो २ किलोमीटर जायचा. पण एक गिगाबिटवर नेहमीच्या ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलला तोच ५०-मायक्रॉनचा फायबर ५५० मीटरपर्यंत साथ देतो, ६२.५चा तर त्याच्या निम्म्यालाच थांबतो. काटा ते कंट्रोल रूम ८०० मीटर असेल तर विषय तिथेच संपला. सिंगलमोडवर १३१० नॅनोमीटरचं साधं मॉड्यूल १० किलोमीटरचं मिळतं. ८०० मीटरला प्रकाशाची घट फायबर, दोन कनेक्टर, दोन स्प्लाइस (फायबरचे सांधे) धरून साधारण दीड डीबी होते. मॉड्यूलला दहा डीबीच्या आसपास घट चालते. नवीन काम असेल तर माझं मत एकच: सिंगलमोडच टाका, आणि लागतील त्यापेक्षा जास्त कोर (केबलमधले काचेचे धागे) टाका. खर्च चर खोदण्याचा असतो, काचेचा नव्हे. ‘लांबचं असलेलं बरं’ म्हणून ८० किलोमीटरचं मॉड्यूल मात्र घेऊ नका. इतक्या जवळ त्याचा प्रकाश समोरच्या रिसीव्हरला सोसत नाही, प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावावा लागतो.

उंदीर-घुशींमुळे आर्मर्ड केबल लागतेच. पण दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकण्याचं एक कारण हे की विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जाऊ नये. पोलादी आर्मरची नीट अर्थिंग केली नाही तर तोच झटका आर्मरवरून येतो.

स्विचमध्ये फायबर पोर्ट पक्का घ्यावा की एसएफपीचा (ज्यात मॉड्यूल वेगळं खोचता येतं), हाही प्रश्न येतो. एसएफपी घ्या, बिघडलं तर मॉड्यूलच बदलता येतं. एक नजर ठेवा: ७५ अंशांच्या स्विचमध्ये स्वस्त म्हणून ० ते ७० अंशांचं ऑफिसचं मॉड्यूल घातलं तर स्विचला दिलेले जास्तीचे पैसे पाण्यात. इंडस्ट्रियल मॉड्यूल उणे ४० ते ८५चं असतं. ऑर्डरवर ते लिहून घ्या.

मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच की अनमॅनेज्ड, यात मी फार वेळ घालवणार नाही. रिंग करायची असेल तर मॅनेज्डच. एमआरपीसारखा रिंग सांभाळणारा प्रोटोकॉल नीट सेट केला तर केबल तुटल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत डेटाची वाट बदलते. सगळ्या स्विचवर सेटिंग झाल्याशिवाय रिंगची शेवटची पॅचकॉर्ड लावू नका. लावलीत तर तेच पॅकेट गोल-गोल फिरत राहतात आणि अख्खा प्लांट एका क्षणात आंधळा होतो. आणि रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेऊ नका. जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो.

हाताळणी दोन्ही पर्यायांत सारखीच आहे आणि तिथेच लोक घाई करतात. डस्ट कॅप काढलेला कनेक्टर मी एकदा स्कोपखाली धरला. साध्या डोळ्याला स्वच्छ दिसत होता. पडद्यावर गाभ्याच्या अगदी मधोमध बगॅसचा कण आणि शेजारी बोटाचा तेलकट ठसा. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर तेवढा कण म्हणजे दारच बंद. लावण्याआधी दरवेळी क्लीनर फिरवायचा, सदऱ्याला पुसायचं नाही, आणि काढलेली टोपी खिशात ठेवायची, जमिनीवर नाही. टाकताना केबल तिच्या जाडीच्या वीसपटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका. बसवल्यावर दहापट चालते.

डोळ्यांचं आवर्जून सांगतो. गिगाबिटचे साधे मॉड्यूल क्लास १चे, म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित. पण प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. चालू फायबरच्या टोकात बघायचं नाही, भिंगातून तर अजिबात नाही. दुसऱ्या टोकाचा प्रकाश बंद आहे की नाही, हे प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरने पाहा. आणि स्प्लायसिंग करताना तुटलेले काचेचे तुकडे: १२५ मायक्रॉनचे, केसाएवढे. काट्याच्या केबिनमध्ये ज्या टेबलावर काम चालतं, त्याच टेबलावर दुपारी ऑपरेटर डबा उघडतात. काळं कापड अंथरा, चष्मा घाला, तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका, उरलेले चिकटपट्टीने उचला, मगच टेबल त्यांना परत द्या.

स्विच जोडताना अर्थ आधी, काढताना अर्थ शेवटी. डिस्टिलरी असेल तर आणखी एक: स्पिरिटची वाफ असू शकते तिथे चालू सप्लायचं टर्मिनल सोडवायचं नाही, आरजे-४५ (तांब्याच्या नेटवर्क केबलचा प्लग) किंवा एसएफपीही ओढायचं नाही. तिथला स्विच त्या झोनसाठी (पेटणाऱ्या वाफेच्या जागेसाठी) प्रमाणित लागतो, आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेच्या, नियमांत बसायला लागतो. जमत असेल तर मी स्विच झोनबाहेरच्या पॅनेलमध्येच ठेवतो.

गव्हाणीत मोळी पडायच्या आत एक स्विच सेटिंगसकट तयार ठेवा, दोन मॉड्यूल पाकिटात, आणि रिंग एकदा मुद्दाम तोडून पाहा. काट्यावरचं वजन त्या क्षणी थांबत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.