डॅशबोर्डवरच्या 238 किलोमीटरवर भरवसा ठेवून मी फसले

गरुडेश्वरहून परत येत होतो. आईला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून नव्या (म्हणजे आमच्यासाठी नव्या) इलेक्ट्रिक गाडीची पहिली लांबची फेरी तिकडेच काढली होती. डभोईच्या अलीकडे बॅटरी 19 टक्के होती. एका पुलाचा चढ लागला आणि बघता बघता आकडा 7 वर आला. पडद्यावर कासवाचं चिन्ह उमटलं, गाडी तिशीच्या वर जाईना. मागून ट्रक हॉर्न मारत होते आणि आईचा मागे जप चालला होता. सकाळी बडोद्याहून निघताना चार्ज 100 टक्के होता, पडद्यावर 238 किलोमीटर दिसत होते. प्रत्यक्षात जेमतेम 130 झाले होते.

दोन महिन्यांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून पावणेसात लाखांना ही गाडी घेतली. मीटरवर 41,000 किलोमीटर. त्याने ‘बॅटरी हेल्थ 95 टक्के’ (म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेपैकी 95 टक्के शिल्लक) असं छापलेला कागद हातात दिला. चक्कर मारायला दिली ती दांडिया बाजारातून अकोटा पुलापर्यंत आणि परत. बॅटरी काठोकाठ भरलेली, रस्ता सपाट. अशा चक्करीत खराब बॅटरीसुद्धा गुणी बाळासारखी वागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पडद्यावरचे किलोमीटर हा नुसता अंदाज असतो. गाडी आधी कशी चालवली, त्यावरून तो निघतो. हळू, एसी बंद ठेवून चालवली की आकडा फुगतो. आणि बॅटरीच्या पॅकमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एखादा कमजोर सेल आधी रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही गाडीला हात आखडता घ्यावा लागतो. ही खोड शेवटच्या वीस-पंचवीस टक्क्यांतच उघडी पडते, आणि नेमकी तीच वेळ व्यापारी येऊ देत नाही.

घरी आल्यावर भाऊजींनी 20 टक्क्यांवरून 100 पर्यंत चार्ज करून विजेचं मीटर बघायला सांगितलं. बॅटरी 30 युनिटची. 80 टक्के म्हणजे 24 युनिट, वर चार्जिंगमधली दहा-पंधरा टक्के घट, म्हणजे मीटरवर साधारण 27 दिसायला हवे होते. दिसले 20. घट वजा केली की पूर्ण बॅटरी 22 युनिटची उरते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची खाच) यंत्र जोडून बॅटरी हेल्थचा आकडा सांगितला: 73 टक्के. हमीपत्रात 70 च्या खाली गेली तरच भरपाई आहे.

तिथेच जुनी नोंदही निघाली. शेवटची सर्व्हिस 97,000 किलोमीटरला झालेली, आणि गाडी तेव्हा टॅक्सी होती. म्हणजे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं होती. खाजगी गाडीची पांढरी असतात, ती नंतर आली. मग मी चार्जिंगचं झाकण उघडून टॉर्च मारला. खालच्या दोन जाड पिना, ज्या फक्त फास्ट चार्जिंगला लागतात, त्यांच्या कडा घासून तांबूस झाल्या होत्या. वरच्या बारीक पिना मात्र चकचकीत. घरी चार्ज होणाऱ्या गाडीत असं दिसत नाही. बडोद्याचा मे महिना आणि रोजचं फास्ट चार्जिंग, बॅटरी किती दिवस तग धरणार?

हे सगळं घेण्याआधी पंधरा मिनिटांत कळलं असतं. चासी नंबर देऊन मालकाच्या संमतीने सर्व्हिसची नोंद मागवा. 20 टक्क्यांपर्यंत उतरवलेली गाडी घेऊन चढावर जा. ओबीडीचं साधं यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं, ते स्वतः लावा. व्यापाऱ्याचा छापील कागद मुळीच ग्राह्य धरू नका. माझ्या कागदावरचा चासी नंबर मी परवा तपासला, शेवटचे चार आकडे वेगळे आहेत. तो दुसऱ्याच गाडीचा कागद आहे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्जही दिला आहे. कागद, चार्जिंगच्या वेळी काढलेले मीटरचे फोटो आणि पिनांचे फोटो सोबत जोडले. तारीख अजून लागायची आहे. तोवर गाडी ऑफिसला नेते, रोज बावीस किलोमीटर. आईला पुढच्या पौर्णिमेला गरुडेश्वरला बसने नेणार आहे.