लेसर, मोबाईल आणि काचेचं चॅनेल: सहा महिने पीआयव्ही वापरल्यावर

गणपती विसर्जनानंतर मांडणी सुरू केली होती, आता शिमगा तोंडावर आलाय. बेळगावातल्या आमच्या कॉलेजच्या फ्लुइड्स लॅबमध्ये पाण्याचा वेग मोजायला आम्ही पीआयव्ही, म्हणजे पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्री, स्वतःच उभी केली. तयार सिस्टिम घ्यायची तर लाखांत, तेही दोन आकडी. आमचं तीस हजारांच्या आत बसलं. मोबाईल माझाच, आणि सॉफ्टवेअर ओपनपीआयव्ही, पायथॉनमध्ये चालणारं, फुकट.

पद्धत ऐकायला सोपी आहे. काचेच्या चॅनेलमधून वाहणाऱ्या पाण्यात बारीक कण सोडायचे. हिरव्या लेसरचा किरण दंडगोल भिंगातून पसरवून मिलिमीटरभर जाडीचा उजेडाचा पडदा करायचा आणि बाजूने व्हिडिओ काढायचा. मग फोटोचे छोटे चौकोन पाडून, एका फ्रेममधला कणांचा ठसा पुढच्या फ्रेममध्ये किती सरकला ते क्रॉस-कोरिलेशनने, म्हणजे ठसा सरकवत कुठे सर्वांत जास्त जुळतो ते बघून, शोधायचं. एका चौकोनाला वेगाचा एक बाण.

आमचे पहिले दोन महिने मात्र कणांतच गेले. सुरुवातीला पांढरी रांगोळी टाकली. दगडाचीच भुकटी ती, पाच मिनिटांत तळाला. टाल्कम पावडर वर तरंगत राहिली, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकल्यावर बुडली खरी, पण गोळे झाले. शेवटी १० मायक्रॉनच्या पोकळ काचेच्या गोळ्या मागवल्या. त्यांची घनता पाण्याच्या जवळपास, त्यामुळे त्या पाण्याबरोबर जातात, स्वतःचं काही चालवत नाहीत. एक चिमूट पुरते. नळाचं पाणी थेट भरलं की हवेचे बुडबुडे कणांपेक्षा जास्त चमकतात, म्हणून आदल्या संध्याकाळी चॅनेल भरून ठेवतो.

आता मोबाईल. सेकंदाला २४० फ्रेम, १०८० चं रेझोल्यूशन, म्हणजे आडवे १९२० पिक्सेल. सोळा सेंटिमीटर रुंदीचा भाग टिपला तर एका मिलिमीटरला बारा पिक्सेल येतात. पाण्याचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर, म्हणजे दर फ्रेमला कण पाच पिक्सेल सरकतो. चौकोन ३२ पिक्सेलचा, आणि सरकणं त्याच्या पाव भागात, म्हणजे आठच्या आत असावं असा नियम. बसतं. पण शटर ऑटोवर ठेवलं की कणांच्या रेघा होतात. १/१००० वर लॉक करा, एक्स्पोजर आणि फोकससुद्धा. मोबाईल स्वतः व्हिडिओ दाबून लहान करतो, त्यात बारीक कण पुसले जातात. त्याला इलाज सापडला नाही, म्हणून एका चौकोनात आठ-दहा कण तरी येतील असं बघतो.

पहिल्यांदा स्क्रीनवर बाण उमटले तेव्हा हुक्केरीकडचा एक विद्यार्थी कानडीत ओरडला, "नोड्री सर!", म्हणजे बघा सर. सगळे खूश. मी मुद्दाम कण न टाकता, नुसत्या पाण्याचा व्हिडिओ सॉफ्टवेअरला दिला. बाण तेव्हाही आले, झकास रंगीत. कॅमेऱ्याच्या दाणेदारपणातूनच त्याने वेग काढला होता! सॉफ्टवेअरचा दोष नाही बघा, जे दिलं त्यातलं जुळणीचं सर्वांत मोठं शिखर ते शोधतं, जुळणी खरी असो वा नसो. तेव्हापासून पहिल्या आणि दुसऱ्या शिखराचं गुणोत्तर बघितल्याशिवाय एकही बाण जर्नलमध्ये लिहू देत नाही.

खरी परीक्षा १२ मिलिमीटरच्या रॉडने घेतली. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून कातून आणला. रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट ते, सुमारे १२००. भोवरे किती वेळा सुटतात ते सांगणारा स्ट्रूहल आकडा ०.२ धरला तर रॉडमागून एका बाजूचा भोवरा सेकंदाला १.७ वेळा सुटायला हवा. आमचा आकडा त्याच्या अगदी जवळ आला. त्या दिवशी कुंदा, आमची बेळगावची मिठाई, आणला, खोटं कशाला सांगू.

पण प्रक्षुब्ध, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांनी खळबळलेला, प्रवाह यातून "मोजला" असं छातीठोक म्हणवत नाही. ३२ पिक्सेलचा चौकोन म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, आणि अशा प्रवाहातले सर्वांत बारीक भोवरे माझ्या ढोबळ हिशेबाने पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. ते सगळे सरासरीत विरघळतात. शिवाय बाणात ०.१ पिक्सेलची चूक गृहीतच धरा. पाच पिक्सेलमध्ये ती दोन टक्के. मुख्य वेगाला चालते, पण प्रवाहाची थरथर, म्हणजे वेगातला चढउतारच, दोन टक्के असेल तर तुम्ही गोंगाट मोजताय. रॉडमागे थरथर मोठी, तिथे निभावतं. मोकळ्या प्रवाहात नाही. आणि उजेडाच्या पडद्याला छेदून बाहेर पळणारे कण तर दिसतच नाहीत.

लेसरबद्दल तक्रार आहे. ऑनलाइन घेतलेलं मॉड्यूल वीस मिनिटांत तापून मंदावतं, लेबलवर काहीही लिहिलं असो. स्वस्त हिरव्या लेसरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर येऊ शकतो. चष्मा ५३२ नॅनोमीटरचाच, म्हणजे या हिरव्या उजेडाच्या तरंगलांबीचा, त्यावर तसं छापलेलं असलेलाच घ्या, आणि तो इन्फ्रारेड अडवतो का तेही बघा. साधा गॉगल कामाचा नाही. आमच्याकडे आधी घड्याळ, अंगठ्या, कडी एका डब्यात जातात, मग स्विच. एकदा एकाच्या कड्यावरून परत आलेली रेघ भिंतीवर नाचलेली मी पाहिली आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या दोघा-तिघांनी विचारलं, आम्हीही करू का? करा की. फक्त पैसे आधी काचेच्या गोळ्यांना आणि चष्म्यांना घाला, कॅमेऱ्याचं नंतर बघू. रांगोळीचं पाकीट मी घरी नेलं, दिवाळीत दारात उपयोगी पडलं.